स्वयंचलित चाचण्यांचे निकाल वाचनीय कसे करावेत: नवशिक्यांसाठी आउटपुट फॉरमॅट निवडीचा मार्गदर्शक

स्वयंचलित चाचण्या लिहायला शिकताना बहुतेकांचे सारे लक्ष चाचणीच्या कोडवर असते. निकाल कोणत्या रूपात दिसावा हा निर्णय मात्र टेस्ट रनरच्या, म्हणजे चाचण्या चालवणाऱ्या साधनाच्या, मूळ सेटिंगवर सोडून दिला जातो. चाचण्या वीस-पंचवीस असेपर्यंत त्याने काही अडत नाही. पण त्यांची संख्या हजारांत गेली, त्या सीआय सर्व्हरवर (कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रावर) चालू लागल्या आणि निकाल वाचणाऱ्यांमध्ये चाचणी न लिहिलेली माणसेही आली, की त्याच मूळ सेटिंगमुळे एका अपयशाचे कारण शोधण्यासाठी लॉगच्या शेकडो ओळी वर-खाली कराव्या लागतात. असे काही वेळा घडले की माणसे लॉग उघडणेच सोडून देतात आणि बिल्ड पुन्हा चालवून नशीब आजमावतात. तिथे चाचण्यांचा उपयोग संपतो.

म्हणून या लेखातील सर्व पायऱ्यांमागे एकच कसोटी ठेवली आहे: फॉरमॅटची पारख हिरव्या निकालावर करू नये, लाल निकालावर करावी. सगळ्या चाचण्या यशस्वी असताना कोणताही फॉरमॅट नीटनेटका दिसतो. चाचणी फेल झाल्यावर वाचकाला "काय तुटले, कुठे तुटले आणि काय अपेक्षित होते" या तीन प्रश्नांची उत्तरे किती लवकर मिळतात, यावरच फॉरमॅटची किंमत ठरते.

पायरी १: निकाल कोण वाचणार आहे ते ठरवा

निकालाचे वाचक साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे कोड लिहिता लिहिता टर्मिनलमध्ये चाचण्या चालवणारा विकासक. त्याला थोडक्यात आणि ताबडतोब उत्तर हवे असते. दुसरा वाचक म्हणजे यंत्र, अर्थात सीआय सर्व्हर, डॅशबोर्ड किंवा निकालांची आकडेवारी काढणारी एखादी स्क्रिप्ट. त्याला सुबकपणाशी देणेघेणे नसते, ठरलेली रचना हवी असते. तिसरा वाचक म्हणजे चाचण्या स्वतः न चालवता निकाल पाहणारा माणूस: टेस्टर, कोडचे परीक्षण करणारा सहकारी, प्रकल्पाचा प्रमुख. एकच फॉरमॅट या तिघांनाही पुरेल अशी अपेक्षा ठेवली की तिघांचीही गैरसोय होते. सुदैवाने आजची बहुतेक साधने एकाच रनमधून दोन किंवा अधिक फॉरमॅट देऊ शकतात, त्यामुळे "कोणता एक निवडू" असा पेच मुळात पडायलाच नको.

पायरी २: चाचण्या मुद्दाम पाडून पाहा

फॉरमॅटची तुलना करण्याआधी एक छोटी नमुना फाइल तयार करावी आणि तिच्यात वेगवेगळ्या तऱ्हेने फेल होणाऱ्या चाचण्या लिहाव्यात. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते मात्र संपूर्ण निवडीत हीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दस्तऐवजांमध्ये दाखवलेले नमुने नेहमी सोपे आणि आटोपशीर असतात.

पहिली चाचणी साध्या असर्शनवर (मूल्य बरोबर आहे का हे तपासणाऱ्या विधानावर) फेल व्हावी, म्हणजे अपेक्षित मूल्य एक आणि मिळालेले दुसरे. दुसऱ्या चाचणीत तुलना मोठ्या गोष्टींची असावी: उदाहरणार्थ दोन लांबलचक जेसन ऑब्जेक्ट घ्यावेत आणि त्यांतील एकाच फील्डमध्ये फरक ठेवावा. तिसरीत चाचणीचा मुख्य भाग सुरू होण्याआधीच, म्हणजे सेटअपमध्ये, एक्सेप्शन यावे. चौथी चाचणी मुद्दाम स्किप करावी आणि स्किप करण्याचे कारण लिहावे. पाचवीत चाचणीची प्रोसेसच मध्ये बंद पडावी. त्यासाठी चाचणीच्या आतून प्रोग्रॅमला थेट एक्झिट करायला लावले तरी पुरते. याशिवाय एका यशस्वी चाचणीने भरपूर मजकूर स्क्रीनवर छापावा.

आता हीच फाइल निवडीसाठी विचारात असलेल्या प्रत्येक फॉरमॅटमध्ये चालवून पाहावी. पहिल्या चाचणीत फॉरमॅटमधील फरक जेमतेम जाणवेल. दुसरीत तो ठळकपणे दिसेल: काही फॉरमॅट दोन्ही ऑब्जेक्ट सलग छापून फरक शोधण्याचे काम वाचकावर टाकतात, तर काही फक्त बदललेली ओळ अधिक-वजा चिन्हांसह दाखवतात. पायथनच्या पायटेस्टसारखे साधन लांब तुलना मुळात कापून दाखवते आणि पूर्ण फरक पाहण्यासाठी जास्त तपशिलाचा पर्याय, म्हणजे दोनदा "व्ही", द्यायला सांगते. सीआयवर चालत असल्याचे त्याला कळले तर मात्र ते कापत नाही, कारण तिथे वाचकाला पुन्हा चालवून पाहण्याची सोय नसते. पाचव्या चाचणीने तर काही फॉरमॅटचा निकालच गायब होईल. त्याचे कारण पायरी ४ मध्ये येईल.

पायरी ३: टर्मिनलसाठी फॉरमॅट निवडा

टर्मिनलवरील फॉरमॅटचे स्थूलमानाने दोन घराणी पडतात. एकात प्रत्येक चाचणीसाठी एक अक्षर छापले जाते, दुसऱ्यात प्रत्येक चाचणीसाठी एक ओळ.

अक्षराच्या फॉरमॅटमध्ये यशस्वी चाचणीसाठी टिंब येते. पायटेस्टचे मूळ आउटपुट याच पद्धतीचे आहे: टिंब म्हणजे पास, मोठा "एफ" म्हणजे फेल, मोठा "ई" म्हणजे सेटअप किंवा आवराआवरीत आलेली त्रुटी, लहान "एस" म्हणजे स्किप आणि लहान "एक्स" म्हणजे फेल होणे अपेक्षितच असलेली चाचणी. रुबीच्या आरस्पेकमध्ये यालाच "प्रोग्रेस" म्हणतात आणि तोच मूळ फॉरमॅट आहे. तिथे प्रलंबित चाचणीसाठी तारांकन येते. चाचण्या हजारो असतील आणि त्यांतल्या बहुतांश यशस्वी होत असतील, तर हा फॉरमॅट उत्तम, कारण यशाबद्दल तो जवळजवळ काही बोलत नाही आणि वाचकाचे लक्ष आपोआप अपयशाकडे जाते.

ओळीच्या फॉरमॅटमध्ये चाचणीचे पूर्ण नाव आणि तिचा निकाल दिसतो. जावास्क्रिप्टच्या मोकामध्ये "स्पेक" हा मूळ रिपोर्टर असाच आहे, आरस्पेकमध्ये "डॉक्युमेंटेशन" आहे, पीएचपीयुनिटमध्ये "टेस्टडॉक्स" आहे. चाचण्यांची नावे वाक्यांसारखी लिहिलेली असतील तर या फॉरमॅटचे आउटपुट प्रणालीच्या वर्तनाचे वर्णन म्हणून वाचता येते. एखादा नवा सहकारी प्रकल्पात आला की त्याला हे आउटपुट एकदा पूर्ण वाचायला द्यावे. कोडमध्ये शिरण्याआधी प्रणालीची ओळख करून घेण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच असेल. मात्र चार हजार चाचण्यांसाठी चार हजार ओळी रोज कोणीही वाचत नाही, आणि त्यांच्या मध्ये अडकलेली एक लाल ओळ सहज नजरेआड होते.

ब्राउझरमधून चालणाऱ्या चाचण्यांसाठीच्या प्लेराइटने ही निवड परिस्थितीवर सोपवली आहे: स्वतःच्या यंत्रावर चालवताना मूळ रिपोर्टर "लिस्ट" असतो, तर सीआयवर "डॉट". बहुसंख्य प्रकल्पांना हा नियम लागू पडतो, पण एका अपवादासह. एकेक चाचणी कित्येक सेकंद घेत असेल, तर सीआयवरसुद्धा ओळीचा फॉरमॅट ठेवावा, कारण रन मध्येच अडकला तर शेवटची सुरू झालेली चाचणी कोणती हे टिंबांच्या रांगेवरून कळत नाही. चाचण्या समांतर चालत असतील तरीही ओळीचाच फॉरमॅट बरा. प्रत्येक ओळीत चाचणीचे पूर्ण नाव असल्यामुळे चार वर्करचे, म्हणजे एकाच वेळी चाचण्या चालवणाऱ्या प्रोसेसचे, निकाल एकमेकांत मिसळले तरी कोणता निकाल कोणाचा याबद्दल घोटाळा होत नाही.

घराणे ठरले की अपयशाचा तपशील किती हवा ते ठरवावे. येथे नवशिक्याची स्वाभाविक चूक "जितके जास्त तितके चांगले" असे समजण्याची असते. पूर्ण स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे त्रुटीपर्यंत नेणाऱ्या फंक्शन-कॉलच्या यादीत, स्वतःच्या कोडच्या दोन ओळी आणि फ्रेमवर्कच्या आतल्या चाळीस ओळी असू शकतात. पायटेस्टमध्ये "टीबी" या पर्यायाला "शॉर्ट" हे मूल्य दिल्यास प्रत्येक टप्प्यासाठी फाइल, ओळ क्रमांक आणि ती ओळ एवढेच दिसते; "लाइन" दिल्यास प्रत्येक अपयश एकाच ओळीत येते. रोजच्या कामासाठी "शॉर्ट" पुरेसा ठरतो, आणि एकाच कारणाने शंभर चाचण्या पडल्या असतील तेव्हा "लाइन" फार उपयोगी पडतो, कारण तीच त्रुटी शंभरदा आल्याचे एका नजरेत कळते.

शेवटी सारांश पाहावा. टर्मिनलमध्ये रन संपल्यावर वाचकाची नजर तळाच्या ओळींवर असते, त्यामुळे फेल झालेल्या चाचण्यांची नावे तळाशी पुन्हा एकत्र छापली गेली पाहिजेत. पायटेस्ट फेल आणि त्रुटी यांचा असा सारांश स्वतःहून देते. "आर" या पर्यायासोबत "ए" हे अक्षर दिले की स्किप केलेल्या आणि अपेक्षेप्रमाणे फेल झालेल्या चाचण्याही कारणासह त्यात येतात. हा पर्याय कायमचा चालू ठेवावा असे मी आग्रहाने सुचवेन. स्किप केलेली चाचणी निकालात केवळ एका आकड्याच्या रूपाने राहिली, तर ती का स्किप केली होती हे काही महिन्यांत कोणालाच आठवत नाही आणि तो भाग विनाचाचणी पडून राहतो.

पायरी ४: यंत्रासाठी फॉरमॅट निवडा

येथे प्रत्यक्षात तीनच पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत: जेयुनिट एक्सएमएल, टॅप आणि ओळवार जेसन. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या जगात टीआरएक्स हा निकाल-फॉरमॅटही आहे. तुमची सगळी साधने त्याच परिवारातली असतील तर तो बिनदिक्कत वापरावा.

जेयुनिट एक्सएमएल हे नाव जावाच्या जेयुनिटवरून आले असले तरी हा फॉरमॅट रूढ झाला तो अपाची अँट या बिल्ड साधनातील जेयुनिट टास्कमुळे. पुढे जेनकिन्ससारख्या सीआय सर्व्हरांनी तो वाचायला सुरुवात केली आणि आज जवळजवळ प्रत्येक भाषेतील टेस्ट रनर थेट किंवा प्लगइनच्या मदतीने तो लिहू शकतो. त्याची रचना सरळ आहे: बाहेर "टेस्टसूट", त्यात प्रत्येक चाचणीसाठी एक "टेस्टकेस", त्यावर नाव, क्लासचे नाव आणि सेकंदांत लागलेला वेळ, आणि चाचणी यशस्वी नसेल तर आत "फेल्युअर", "एरर" किंवा "स्किप्ड" यांपैकी एक घटक. कोणता निवडावा हे ठरत नसेल तर हाच निवडावा, कारण तो वाचू न शकणारा सीआय सर्व्हर सापडणे कठीण आहे.

तरीही त्याच्या तीन उणिवा आधीच माहीत असाव्यात. पहिली अशी की या फॉरमॅटचे सर्वमान्य अधिकृत मानक नाही. प्रत्येक साधन त्याची थोडी वेगळी बोली लिहिते. "फेल्युअर" आणि "एरर" यांतील फरकच पाहा. मूळ कल्पनेनुसार असर्शन खोटे ठरले तर "फेल्युअर" आणि अनपेक्षित एक्सेप्शन आले तर "एरर". पायथनचे युनिटटेस्ट हा भेद पाळते, पण पायटेस्टमध्ये चाचणीच्या मुख्य भागात आलेले कोणतेही एक्सेप्शन फेल धरले जाते आणि त्रुटी म्हणजे सेटअप किंवा आवराआवरीतील बिघाड. त्यामुळे दोन साधनांचे आकडे एकाच तक्त्यात मांडताना या दोन रकान्यांची तुलना करू नये. त्यांची बेरीज मात्र विश्वासाने वापरता येते.

दुसरी उणीव अशी की ही फाइल सहसा संपूर्ण रन संपल्यावरच लिहिली जाते. नमुना फाइलमधील पाचवी चाचणी आठवा: प्रोसेस मध्येच बंद पडली की एक्सएमएल फाइल तयारच होत नाही किंवा अर्धवट राहते, आणि तोवर यशस्वी झालेल्या चाचण्यांचा निकालही हातून जातो. याहून वाईट म्हणजे आधीच्या रनची जुनी फाइल त्याच जागी असेल तर सर्व्हर तीच वाचून सारे आलबेल असल्याचे सांगू शकतो. म्हणून रन सुरू होण्याआधी जुनी निकाल-फाइल पुसून टाकण्याची पायरी पाइपलाइनमध्ये, म्हणजे सीआयवर क्रमाने चालणाऱ्या पायऱ्यांमध्ये, असायलाच हवी.

तिसरी उणीव बारीक आहे, पण तिने अनेकांचे तास खाल्ले आहेत. टर्मिनलमधील रंग एस्केप या नियंत्रण-अक्षराने सुरू होणाऱ्या संकेतांनी दिले जातात, आणि एक्सएमएल १.० मध्ये टॅब आणि ओळबदलाची अक्षरे वगळता अशा नियंत्रण-अक्षरांना मज्जाव आहे. एखाद्या चाचणीने रंगीत मजकूर छापला आणि रिपोर्टरने तो जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवला, तर ती फाइल वैध एक्सएमएल राहत नाही आणि सर्व्हर तिला संपूर्ण नाकारतो. काही रिपोर्टर ही अक्षरे बदलून लिहितात, सगळेच नाहीत. सीआयवर "निकाल-फाइल वाचता आली नाही" असा संदेश आला, तर सर्वांत आधी रंगांचा संशय घ्यावा.

टॅप, म्हणजेच टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल, याहून बराच जुना आहे. त्याचा उगम पर्ल भाषेच्या १९८७ मधील पहिल्या आवृत्तीच्या चाचण्यांमध्ये आहे. तो निव्वळ मजकूर आहे आणि माणूस व यंत्र दोघांनाही वाचता येतो. एका रनचे आउटपुट असे दिसते:

१..४
ओके १ - रिकाम्या यादीची बेरीज शून्य येते
नॉट ओके २ - ऋण संख्या दिल्यास त्रुटी मिळते
ओके ३ - दूरच्या सर्व्हरवरून फाइल वाचता येते # स्किप नेटवर्क उपलब्ध नाही

पहिल्या ओळीला "प्लॅन" म्हणतात: चार चाचण्या चालणार आहेत असे ती आधीच जाहीर करते. वरच्या आउटपुटमध्ये तीनच निकाल आहेत, त्यामुळे चौथ्या चाचणीचा निकाल आलाच नाही हे वाचणाऱ्या साधनाला निश्चितपणे कळते, आणि आधीच्या तीन चाचण्यांचे निकालही हातात राहतात. इतक्या साध्या मजकुरात एवढा भक्कम गुण असणे हे या फॉरमॅटचे खरे सामर्थ्य आहे. तेराव्या आवृत्तीपासून अपयशाचा तपशील यॅमल स्वरूपात निकालाच्या ओळीखाली देण्याची सोय झाली. शेल स्क्रिप्टची चाचणी घेणारे बॅट्स टॅप लिहू शकते आणि लिनक्स कर्नलच्या चाचण्या त्याचाच केटॅप हा प्रकार वापरतात. तुम्ही स्वतःचे छोटे चाचणी-साधन लिहीत असाल, किंवा एखाद्या अपरिचित भाषेत काम करत असाल, तर टॅप निवडावा. तो तयार करायला लायब्ररीही लागत नाही, मजकूर छापता आला की झाले. वेळेची नोंद आणि चाचण्यांची गटवारी यांत मात्र तो जेयुनिट एक्सएमएलपेक्षा तोकडा पडतो, आणि सीआय सर्व्हर तो थेट वाचतातच असे नाही.

ओळवार जेसनमध्ये प्रत्येक घटनेसाठी एक स्वतंत्र जेसन ऑब्जेक्ट एका ओळीवर लिहिला जातो. गो भाषेने १.१० या आवृत्तीपासून आपल्या चाचणी कमांडला "जेसन" हा पर्याय दिला आहे; त्यातील प्रत्येक ओळीत वेळ, पॅकेज, चाचणीचे नाव आणि घटना, म्हणजे सुरू झाली, काही छापले, पास झाली, फेल झाली, अशी माहिती असते. घटना घडेल तशी ओळ लिहिली जात असल्यामुळे रन मध्येच तुटला तरी तोवरची नोंद शाबूत राहते. निकालांवर स्वतःची आकडेवारी काढायची असेल तर हाच फॉरमॅट सर्वांत सोयीचा. अडचण एवढीच की प्रत्येक साधनाची फील्डची नावे वेगळी असतात, त्यामुळे सर्व्हरसाठी पुन्हा जेयुनिट एक्सएमएलमध्ये रूपांतर करावे लागते. गोसाठी हे काम गोटेस्टसम हे साधन करते.

पायरी ५: दोन्ही फॉरमॅट एकाच रनमधून मिळवा

माणसासाठी एकदा आणि यंत्रासाठी पुन्हा एकदा अशा चाचण्या दोनदा चालवू नयेत. वेळ तर जातोच, शिवाय दोन रनचे निकाल वेगळे येऊ शकतात. पायटेस्टला "जेयुनिट एक्सएमएल" या पर्यायात फाइलचा पत्ता दिला की टर्मिनलवरचे आउटपुट तसेच राहते आणि फाइल वेगळी तयार होते. आरस्पेकमध्ये "फॉरमॅट" हा पर्याय एकाहून अधिक वेळा देता येतो आणि प्रत्येकासोबत "आउट" लिहून तो कोणत्या फाइलमध्ये जावा ते सांगता येते. नोडच्या अंगभूत टेस्ट रनरमध्येही रिपोर्टर आणि त्याचे गंतव्य यांच्या जोड्या देता येतात, तर प्लेराइटमध्ये रिपोर्टरांची यादी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिता येते. ही जोडी कमांड ओळीवर लिहिण्याऐवजी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंदवून व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवावी, म्हणजे प्रत्येकाच्या यंत्रावर निकाल सारखाच दिसेल.

पायरी ६: सीआयवर निकाल पोहोचतो का ते तपासा

सर्वांत आधी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा. फॉरमॅट कितीही देखणा असला तरी बिल्ड लाल होईल की हिरवा हे टेस्ट रनरच्या एक्झिट कोडवर ठरते. पायटेस्टमध्ये ० म्हणजे सर्व यशस्वी, १ म्हणजे काही चाचण्या फेल, आणि ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. शेवटचा संकेत विशेष मोलाचा आहे, कारण चुकीच्या फोल्डरमधून कमांड चालवल्यास शून्य चाचण्यांचे शून्य अपयश हे यश समजले जाण्याचा धोका असतो.

हा कोड हरवण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे पाइप, अर्थात एका कमांडचे आउटपुट दुसरीला देण्याची सोय. आउटपुट स्क्रीनवरही दिसावे आणि फाइलमध्येही जावे म्हणून कित्येक जण टेस्ट कमांडपुढे पाइप लावून "टी" ही कमांड जोडतात. शेल मात्र पाइपमधील शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड पुढे देते, आणि "टी" जवळजवळ नेहमीच यशस्वी होते. चाचण्या पडतात आणि बिल्ड हिरवा राहतो. बॅशमध्ये "पाइपफेल" हा पर्याय चालू केल्यास हे टळते. पाइपलाइन तयार झाल्यावर एक चाचणी मुद्दाम पाडून बिल्ड खरोखर लाल होतो का ते पाहावे; ही तपासणी प्रत्येक मोठ्या बदलानंतर पुन्हा करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे निकाल-फाइल अपलोड करण्याची पायरी. चाचण्या फेल झाल्या की पाइपलाइन पुढच्या पायऱ्या सोडून देते, आणि अपलोडची पायरी चाचणीनंतर असल्यामुळे नेमका अपयशाचाच निकाल कोणाला दिसत नाही. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये त्या पायरीला "ऑल्वेज" ही अट द्यावी. जेनकिन्सच्या पाइपलाइनमध्ये ती "पोस्ट" विभागातील "ऑल्वेज" खाली ठेवावी.

रंगांबद्दल थोडेसे. लाल-हिरव्या रंगांवर सारा अर्थ सोपवणारा फॉरमॅट टाळावा, कारण लाल-हिरव्यातील भेद नीट न जाणवणारे लोक कमी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. रंगासोबत शब्द किंवा चिन्ह असलेच पाहिजे. सीआयच्या लॉगमध्ये रंगांऐवजी कंसातले आकडे दिसू लागले तर "नो कलर" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन पाहावे. बरीच साधने ते मानतात.

पायरी ७: एचटीएमएल रिपोर्ट खरोखर लागतो का ते ठरवा

तिसऱ्या प्रकारच्या वाचकासाठी एचटीएमएल रिपोर्ट उपयोगी असतो, विशेषतः जिथे अपयशासोबत स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ पाहावा लागतो अशा ब्राउझर-चाचण्यांसाठी. युनिट चाचण्यांसाठी तो बहुधा अनावश्यक ठरतो. करायचाच असेल तर एक पथ्य पाळावे: रिपोर्ट एकाच स्वयंपूर्ण फाइलमध्ये मावत असेल तर तसाच करावा. पायटेस्टच्या एचटीएमएल प्लगइनमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. तो न दिल्यास रूपसज्जेची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये राहते आणि ईमेलने पाठवलेला रिपोर्ट उघडल्यावर विस्कटलेला दिसतो. जेनकिन्सवर ठेवलेला रिपोर्टही अनेकदा असाच उघडाबोडका दिसतो, पण त्याचे कारण वेगळे आहे: तिथली सुरक्षाविषयक मूळ सेटिंग रिपोर्टमधील स्क्रिप्ट आणि आतच लिहिलेली रूपसज्जा अडवते. अशा वेळी सुरक्षा सैल करण्यापेक्षा रिपोर्ट डाउनलोड करून पाहणे श्रेयस्कर.

पायरी ८: फॉरमॅट जे करू शकत नाही ते चाचणीत करा

कोणताही रिपोर्टर चाचणीने न सांगितलेली माहिती दाखवू शकत नाही. समजा, सवलत वजा केल्यावर रक्कम शून्याखाली जाऊ नये अशी चाचणी आहे. ती "टेस्ट ३" या नावाने लिहिली आणि आत केवळ "रक्कम शून्य किंवा जास्त आहे हे सत्य असावे" असे असर्शन केले, तर अनेक साधनांत निकाल एवढाच येतो:

फेल: टेस्ट ३
अपेक्षित: सत्य, मिळाले: असत्य

हीच चाचणी नाव बदलून आणि मूल्यांची थेट तुलना करून लिहिली तर:

फेल: सवलत मूळ रकमेपेक्षा जास्त असल्यास देय रक्कम शून्य राहते
अपेक्षित: ०, मिळाले: -५०

फॉरमॅट दोन्हीकडे तोच आहे, पण दुसऱ्या निकालावरून बहुतेक वेळा कोड न उघडताही चूक कुठल्या भागात आहे याचा अंदाज बांधता येतो. एकच चाचणी अनेक इनपुटवर चालवत असाल तर प्रत्येक इनपुटला ओळखता येईल असे नाव द्यावे. अन्यथा निकालात चौकटी कंसातले क्रमांक येतात आणि सातवे इनपुट कोणते होते हे मोजत बसावे लागते. नावात वेळ, यादृच्छिक संख्या किंवा तात्पुरत्या फाइलचा पत्ता मात्र घालू नये. सर्व्हर नावावरूनच चाचणीचा इतिहास जोडतो, त्यामुळे नाव दर वेळी बदलले तर त्याला प्रत्येक रनमध्ये नवीच चाचणी दिसते.

पुन्हा चालवलेल्या चाचण्यांची नोंद

पहिल्यांदा फेल होऊन दुसऱ्या प्रयत्नात पास होणाऱ्या, म्हणजे फ्लेकी चाचण्यांसाठी अनेक प्रकल्प आपोआप पुन्हा चालवण्याची सोय वापरतात. तुमचा फॉरमॅट अशा चाचणीला साधे यश म्हणून नोंदवतो की वेगळे दाखवतो, हे निवडीपूर्वी अवश्य तपासावे. प्लेराइट त्यांना "फ्लेकी" या स्वतंत्र गटात मोजते. जावाच्या मेव्हन या बिल्ड साधनाचे शुअरफायर हे प्लगइन एक्सएमएलमध्ये आधीच्या अपयशांसाठी वेगळा घटक लिहिते, पण तो घटक तुमचा सर्व्हर वाचतो का हे पुन्हा वेगळे पाहावे लागते. नमुना फाइलमध्ये एकाआड एक रनमध्ये फेल होणारी आणखी एक चाचणी घालावी, पुन्हा चालवण्याची सोय चालू करावी आणि पहिला अपयशी प्रयत्न टर्मिनल, निकाल-फाइल आणि सर्व्हरचे पान या तिन्ही ठिकाणी दिसतो का ते पाहावे. यांपैकी एकाही जागी तो दिसत नसेल, तर दुसरा रिपोर्टर मिळेपर्यंत पुन्हा चालवण्याची सोय बंद ठेवावी.